अपडाऊनवाला

(रंगमंचावर फलाटावरचा बाक. खांद्याला बॅग लावलेला माणूस धावत येतो, घड्याळ बघतो, हुश्श करून बसतो.)

मी अपडाऊनवाला. पुणे-मुंबई-पुणे. आम्हाला कुणी विचारलं, "काय करता?" की नोकरीचं नंतर येतं. आधी, "अपडाऊन करतो!"

आता हा अप बघा. शाळेत मास्तरांनी सांगितलं, अप म्हणजे वर. (बोट वर करतो.) झालं, विषय संपला! संपतोय कुठला? मेकअपही अप, ब्रेकअपही अप. जोडा नाहीतर मोडा, वरच! लॉकअप मात्र तळमजल्यावर. चेकअप करून आलो, वर काय गेलं? बिल! आणि यावर तोंड उघडलं, की शटअप!

पण अपचा खरा इंगा बघायचा तर रेल्वेत या. पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी अप. लोणावळा गेलं, खंडाळा गेलं, बोगद्यामागून बोगदे... (पुढे कलतो, बाक घट्ट धरतो.) घाट उतरतोय, कानांना दडे बसलेत, आणि समोरचे रेल्वेतले काका निवांत, "आपण अपला आहोत."

"काका, आपण खाली चाललोय!"

"खाली डोंगर चाललाय. गाडी अप आहे."

संध्याकाळी परत. पुण्याकडे, म्हणजे डाऊन. कर्जतला गाडी थांबते. पुढे भोर घाट, ३७ फुटांमागे एक फूट चढ! १८६३ पासून गाड्या हा घाट चढताहेत, पण एकट्या इंजिनाच्या बापाला जमत नाही. म्हणून मागून बँकर लावतात. शेजारच्या आजी दचकल्या, "बँकवाले इथंवर आले वसुलीला?"

"आजी, बँकर म्हणजे इंजिन. मागून ढकलतं." (धक्का बसतो. हातातला नसलेला चहा शर्टावर सांडतो.)

"कुठं ढकलतं?"

"वर."

"आणि गाडी कुठली?"

"डाऊन."

आजींनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शेवटी काकांनीच गुपित फोडलं. "अरे, डोंगराला कोण विचारतो? मुख्यालय जिकडे, तिकडे अप! मध्य रेल्वेचं मुख्यालय सीएसएमटीला, म्हणून मुंबई वर. गोऱ्या साहेबाची रीत ही. त्याच्याकडे लंडनला जाणारी गाडी अप."

हे मी पेठेतल्या एका गृहस्थांना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पुणं सोडून माणूस वर जातो? एकदाच जातो." (आकाशाकडे बघून हात जोडतो.)

बरं, स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लोणावळा सहाशे मीटरच्या वर. मुंबई? भरतीला पाय भिजतील एवढी! मग समुद्रात पाय सोडून बसलेला साहेब सगळ्यांच्या वर कसा?

(शिट्टी. बॅग उचलून पळतो, विंगेशी थबकतो.)

अहो, पाटी रंगवायचा हुकूम कुठून येतो? वरून!