अंगठ्यासकट लोगो

वेबसाइटसाठी ‘लोगो पाठवा’ म्हटलं की मंगल कार्यालयाचे मालक व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर, अंगठ्यासकट. ‘अंगठा तेवढा पुसा, तुम्हाला येतं ते.’ मूळ एसव्हीजी फाइल मिळाली तर प्रश्नच मिटतो. तिच्यात ठिपके नसून रेषांचं गणित असतं, त्यामुळे तोच लोगो कार्डावरही रेखीव आणि कमानीवरही. पण ती फाइल ज्याच्याकडे असते तो कार्डवाला कायम गावी गेलेला असतो.

मग उरतो जेपीजी. १९९२ साली छायाचित्रतज्ज्ञांच्या समितीने त्याचं प्रमाण ठरवलं. युक्ती अशी, की फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकातला डोळ्याला न जाणवणारा बारीक तपशील गुपचूप गाळायचा. लग्नाच्या फोटोत हे खपून जातं. चेहऱ्यावरचा तपशील गाळला म्हणून कोण्या वरमाईने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. लोगोत मात्र बिंग फुटतं. झूम केलं की ‘कार्यालय’मधल्या रफाराभोवती गुळाला लागाव्यात तशा करड्या मुंग्या!

पीएनजीत मुंग्या नाहीत, शिवाय पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. त्याचा जन्मच भांडणातला. जिफमधल्या तंत्रावर युनिसिसचं पेटंट होतं. १९९४च्या अखेरीस परवाना-शुल्काची गोष्ट निघाली आणि चिडलेल्या मंडळींनी १९९६पर्यंत हा फुकटचा पर्याय उभा केला. (फुकटचं इतकं टिकाऊ सहसा निघत नाही.) हे कौतुक मालकांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाचशे पानांच्या पंगतीचा फोटो पीएनजीत हजर! पीएनजी काही म्हणजे काही टाकून देत नाही. कोशिंबिरीतल्या दाण्याच्या कुटापर्यंत सगळं जपतो. रेंज नसलेल्या गावातल्या वधूपित्याने हा फोटो उघडायला घेतला, तर मुहूर्त टळायचा.

त्यातच भाच्याच्या आयफोनमधून एचईआयसी फाइली आल्या. बहुतेक ब्राउझर त्यांना ओळखच दाखवत नाहीत.

शेवटी फोटो तेवढे गूगलच्या वेबपीत बसवले. १६०० पिक्सेल रुंद, प्रत्येकी २०० केबीच्या आत. साइट झटकन उघडली, फोटो लख्ख. मालक खूश. त्यांनी तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो आणखी दोन-चार ग्रुप फिरला आणि रात्री माझ्याकडे परत आला.

‘सर, पाहुणे म्हणतायत, फोटो क्लिअर नाही.’