मग पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढे आणि सल्ले एकाच वेळी वाटले जातात. त्यातच मुलीने "मी बी.एस्सी. फिजिक्स करणार" असं जाहीर केलं, की पेढ्याकडे गेलेला शेजारच्या काकूंचा हात थबकतो. "मार्क कमी पडले का गं?" नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न तयार असतो: "मग पुढे काय?" कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला हे कुणी विचारत नाही. त्याचं पुढे काय, हे त्याच्याआधी साऱ्या सोसायटीला ठाऊक असतं.

होमी भाभांच्या घरीही असंच झालं. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी. आत्याचे यजमान म्हणजे दोराबजी टाटा. तेव्हा पोराने शिकून यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं, असा घरचा बेत होता. वर्षभरात पोराचं पत्र आलं, की मला फिजिक्सच करायचंय. वडील बॅरिस्टर, त्यांनी तडजोडीचा मसुदा काढला: आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग आण, मग हवं ते शीक. १९३० मध्ये चिरंजीवांनी तो आणला. पुढे १९४५ मध्ये त्यांची 'टीआयएफआर', म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, उभी राहिली ती दोराबजींच्याच नावाच्या ट्रस्टच्या मदतीने. पोलाद राहिलं बाजूला, पैसा घरचाच लागला!

सी. व्ही. रामन तर १९०७ मध्ये कलकत्त्यात सरकारच्या अर्थखात्यात साहेब झाले. दिवसा हिशेब तपासायचे आणि ऑफिस सुटलं की प्रयोगशाळा गाठायची. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडून कमी पगाराची प्राध्यापकी पत्करली. सासुरवाडीला तेव्हा काय बोलणं झालं असेल, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पण थोरामोठ्यांचे दाखले देऊन विषय निवडू नये. मी फिजिक्स शिकवतो. माझी परीक्षा वेगळी आहे. ती होते डार्करूममध्ये, 'न्यूटन्स रिंग्ज'च्या प्रयोगाला. सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात काचेखाली एकात एक कड्या दिसतात. त्यांचे व्यास ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने मोजायचे आणि प्रकाशाची तरंगलांबी काढायची. ती येते ५८९३ अँगस्ट्रॉम, आणि हे पुस्तकात छापलेलंच असतं. त्यामुळे आमची हुशार मुलं आधी उत्तर लिहितात, मग त्याला शोभेलशी रीडिंग घेतात. जर्नल सुबक, सही लगेच. (ही मुलं पुढे उत्तम व्यवस्थापक होतात; त्यांची चिंता नको.) एखादीला मात्र ६२०० येतं. ती खोडत नाही. सगळे कॅंटीनला गेले तरी ती डोळा लावून बसते, आणि मग तिच्या ध्यानात येतं की स्क्रू मधेच उलटा फिरवला होता. आट्यांमधल्या फटीमुळे मोजपट्टी फसली. त्या वेळचा तिचा चेहरा पाहिला की मी समजतो, हिला आता कुणी अडवू नये.

अडचणी नाहीत असं नाही. एम.एस्सी., नेट-सेट, पीएच.डी. करता करता तिशी उलटते, आणि तरीही कित्येक जण कॉलेजात तासिका तत्त्वावर, दर तासाच्या मोबदल्यात शिकवत राहतात. हे मुलांना आधी सांगावं. लपवून विद्यार्थी मिळवणं हे काही विज्ञान नव्हे.

आणि पालकांनो, मुलगी हट्टाला पेटलीच असेल, तर मला फोन करण्याआधी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिला घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला जा. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी शेतशिवारांत उभारलेल्या तीस रेडिओ दुर्बिणी त्या परिसरात आहेत. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, गावोगावची शाळकरी मुलंही आपापले प्रयोग मांडतात. काकूंनाही सोबत न्या. त्यांचे प्रश्न तिथल्या शास्त्रज्ञांनाच विचारू द्या.