टी-शर्टाची अंकलिपी

कोरपना तालुक्यातल्या ज्या तरुणांना यंदा स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढायचा आहे, त्यांच्यासाठी ही अंकलिपी आहे. पात्रता: घरची पऱ्हाटी, हातात मोबाइल आणि डोक्यात छातीवर वाघ छापलेला टी-शर्ट. वाघच का, हे विचारू नये. चंद्रपूर जिल्ह्यातून ब्रँड निघाला आणि त्यावर वाघ नसला, तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल. ब्रँडचं नाव, लोगो आणि इन्स्टाग्रामचं पान तुम्ही आधीच तयार केलेलं असणार. म्हणून आपण उरलेल्या किरकोळ बाबीकडे, म्हणजे कपड्याकडे वळू.

पहिला धडा घरच्या अंगणातला. वडील कापूस क्विंटलने विकतात. जिनिंगवाला त्यातली सरकी वेगळी करतो आणि रुईचा भाव खंडीवर बोलतो. खंडी म्हणजे 356 किलो. हीच रुई दाबून बांधली की 170 किलोची गाठ होते. सूतगिरणीत किलो असतो, पण प्रतिष्ठा काउंटला असते. एका पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लड्या निघतील, तितका काउंट. म्हणून आकडा वाढेल तसं सूत बारीक होत जातं. 30 पेक्षा 40 चं सूत जाड समजून भाव करू नये, पलीकडचा माणूस ते लगेच ओळखतो. कापड विणून झालं की काउंट मागे पडतो आणि जीएसएम पुढे येतं: एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये. बऱ्यापैकी टी-शर्टाला 180. गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांच्या शेजाऱ्यांना ही संज्ञा परकी वाटायला नको, कारण सिमेंटच्या पोत्याचं विणलेलं कापडही जीएसएमवरच तोलतात. शेवटी शिवलेला माल ‘पीस’ होतो आणि वजनाचा विषय संपतो.

माल तोच, पण दर दारात माप वेगळं. त्यामुळे एका दारातल्या माणसाला शेजारच्या दारातला हिशेब लागत नाही, आणि ज्याला सगळी दारं ठाऊक असतात तो बंगला बांधतो. आपण तो हिशेब एकदाचा लावून टाकू. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते. कताईतली घट जाऊन 28 किलोच्या आसपास सूत हाती येतं. कापताना वाया जाणाऱ्या चिंध्या धरून एका टी-शर्टाला पाव किलो कापड लागतं. म्हणजे क्विंटलमागे शंभराहून थोडे जास्त टी-शर्ट. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये होता. भागाकार करून पाहा: एका टी-शर्टामागे वडिलांच्या पदरात सत्तर-ऐंशी रुपये, आणि तेही सरकीसकट. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांच्या वर निघाला तर भाव कापला जातो आणि बाराच्या वर गेला तर गाडी परत येते, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे. खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, दिला असेल तर हिशेब करायला बसूच नका.

तो टी-शर्ट तुम्ही 799 ला विकणार आहात. मधल्या सातशे रुपयांत जे शब्द राहतात, ते पुढच्या धड्यांत.

त्यांतला पहिला एमओक्यू, म्हणजे याहून कमी नग मागितलेत तर फोन ठेवा. तुम्ही तिरुपूरच्या कारखान्याला फोन लावून पन्नास टी-शर्ट मागाल. पलीकडून ‘एमओक्यू पाचशे, पर कलर’ असं उत्तर आलं, तर तो उद्धटपणा समजू नये. कापड रंगवायच्या यंत्रात ठरावीक वजनाचा घाणा टाकावा लागतो. अर्धा टाकला तरी पाणी, वाफ आणि मजुरी जवळपास तेवढीच लागते. म्हणून तो पूर्ण घाणा तुमच्या गळ्यात घालतो. न विकलेले साडेचारशे टी-शर्ट मग त्याच्या गोदामात नसतात, तुमच्या माजघरात असतात. इथे अंकलिपीचा मुख्य नियम सांगून ठेवतो: या धंद्यातली संज्ञा ऐकली की अर्थ नंतर विचारावा, आधी नुकसान कुणाचं ते विचारावं.

नियम लावून पाहा. ‘टॉलरन्स’ म्हणजे छातीच्या मापात एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर तक्रार करायची नाही, नुकसान तुमचं. ‘श्रिंकेज’ म्हणजे धुतल्यावर कापड आटलं. आधी धुऊन पाहिलं नसेल तर तुमचं, पाहून कागदावर टक्के लिहून घेतले असतील तर त्यांचं. ‘टेक पॅक’ म्हणजे तुम्हाला काय हवंय ते मापं, शिलाई, दोरा, लेबलासकट लिहिलेला कागद. तो कंटाळवाणा असतो, म्हणून नवे ब्रँडवाले त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याच्या टी-शर्टाचा फोटो पाठवतात आणि खाली ‘सेम असंच’ लिहितात. मग जे येतं ते सेम तसंच असतं, फक्त कुणाच्या अंगाला बसत नाही. ‘लीड टाइम’ तीस दिवस सांगतात. दिवाळीचा माल हवा असेल तर गणपतीत सुरुवात करू नका, इतकं पुरे.

‘सीएमटी’ जरा सावकाश शिकू. कापणं, शिवणं, दोरा-बटण लावणं. कापड तुमचं, मजुरी त्यांची. ही संज्ञा समजून घ्यायला तिरुपूरला जायची गरज नाही. 2024-25 मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून सरकारी शाळांचं कापड एकत्र खरेदी केलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांना दिली. गणवेशामागे शिलाईचे शंभर रुपये आणि वरखर्चाचे दहा. दोरा, वीज, काज-बटण, मशीनची दुरुस्ती, ने-आण आणि बायांचा दिवस, हे सगळं त्यात बसवायचं. अर्धं वर्ष सरलं तरी अनेक शाळांत गणवेश नव्हते. आले तेही कुणाला ढगळ, कुणाला आखूड. शेवटी 2024 च्या डिसेंबरात सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. बोल मात्र शिवणाऱ्या ताईंना जास्त लागला. माझं मत विचाराल तर दोष सुईचा नव्हता. लाखो लेकरांची मापं वरून ठरवणं म्हणजे ‘साइज सेट’ हा टप्पा गाळून थेट ‘बल्क’ला जाणं, आणि ते कुठल्याही ब्रँडला परवडत नाही. आधी प्रत्येक मापाचा एकेक नमुना शिवायचा, अंगावर घालून पाहायचा, दुरुस्त करायचा, मग त्यावर सही करून तो जपून ठेवायचा. सहीचा नमुना नसेल तर भांडणात तुमच्याकडे फक्त आवाज उरतो.

शेवटची संज्ञा एक्यूएल, म्हणजे मालात किती खराबी चालवून घ्यायची त्याची पातळी. पाचशेच्या मालातले पन्नास उचलून तपासायचे. 2.5 च्या पातळीवर तीनपर्यंत खराब निघाले तर अख्खा माल पास, चौथा निघाला तर नापास. ही पद्धत अमेरिकी लष्कराच्या खरेदीतून आली. आपल्याकडे ग्रेडर गाडीत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढतो आणि अख्ख्या गाडीचा भाव ठरवतो, तोही नमुनाच असतो. फक्त तिथे किती मुठी काढायच्या, हे गाडीवाल्याला कुठल्या तक्त्यात वाचायला मिळत नाही. तुम्हाला मिळतं. तपासणीचा दिवस आणि पातळी ऑर्डरच्या कागदावर आधीच लिहून घ्या, आणि माल तुमच्या दारात आल्यावर नव्हे, त्यांच्या दारातून निघण्याआधी तपासा.

सराव: गावातल्या टेलर मास्तरांकडे जाऊन एक टी-शर्ट उसवून घ्या आणि किती तुकडे निघाले ते मोजा. मास्तर हसतील, हसू द्या; चहा सांगा. मग त्याच कापडाचे पाच नमुने पाच मापांत शिवून घ्या, दोनदा धुवा, गावातल्या पाच जणांना घालायला द्या. पहिली ऑर्डर शंभर नगांची, एकाच रंगात, आणि शंभर नग मजुरीवर शिवायला तयार असलेला जॉबवाला मिळेपर्यंत थांबा. वाघ दुसऱ्या ऑर्डरीला छापा.