आज रात्रौ ठीक ९ वाजता!

संगीत नाटकांच्या जुन्या जाहिराती जमवणारा माणूस ओळखायची खूण सोपी आहे. बालगंधर्वांचा विषय निघाला की बाकीचे त्यांच्या गळ्याविषयी बोलतात, हा गृहस्थ विचारतो, "पण हँडबिल कुठल्या छापखान्यातलं?" पुण्याच्या पेठांत, गिरगावात, सांगली-मिरजेकडे असा एखादा नमुना हमखास भेटतो. वय साठीपुढचं, खांद्याला शबनम, तीत एक भिंग आणि चार रिकामे फोल्डर. नात्यागोत्यात ते सगळ्यांचे भाऊ असतात, म्हणून आपणही भाऊच म्हणू.

भाऊंना गाण्यातलं फारसं कळत नाही. भीमपलास आणि बागेश्री यांतला फरक त्यांनी कधी मनाला लावून घेतलेला नाही. पण 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली आलं, हे ते झोपेतही सांगतील. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दारव्हेकर, अभिषेकी आणि वसंतराव यांची नावं कुठल्या क्रमाने आणि केवढ्या टायपात होती, तेही सांगतील. "नाटक पाहिलंत का?" या प्रश्नाला मात्र "पहिला अंक पाहिला" एवढंच उत्तर मिळतं. मध्यंतरात ते तिकीट खिडकीजवळचं पोस्टर मागायला गेले, ते परत आत आलेच नाहीत.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे भाऊंचा खरा अभिनय पाहावा. हवा असतो तो तळाशी दबलेला पिवळा कागद, पण ते हातात घेतात गंजका कंदील. त्याची किंमत विचारतात, नाक मुरडतात आणि निघता निघता सहज म्हणतात, "हा कागद पण द्यायचाय का?" समोरचाही कच्च्या गुरूचा चेला नसतो. कंदील दोनशे, कागद पाचशे! शेवटी घासाघीस होऊन दोन्ही घरी येतात. माळ्यावर आता कंदिलांची रांग लागली आहे.

आणि कागद तरी कसला? पतंगाच्या कागदासारखा पातळ, एके काळी गुलाबी असलेला, खिळ्यांच्या दाबाने मागच्या बाजूला अक्षरं उठलेला. वर कंपनीचं नाव, मधोमध नाटकाचं, खाली तिकिटांचे दर आणि स्त्रियांच्या बसण्याची सोय. वार असतो, तारीख असते, साल नसतं. छापणाऱ्याचं काही चुकलं नाही. शनिवारच्या खेळाला येणाऱ्याला चालू साल कशाला सांगायचं?

इथून भाऊंचा अंक सुरू होतो. पाहुण्याला समोर बसवून ते कोडं घालतात. समजा, 'मानापमान', शुक्रवार, ता. ८ जुलै, नावं बालगंधर्व आणि केशवराव भोसले. ८ जुलैला शुक्रवार येतो १९१०, १९२१, १९२७, १९३२ आणि १९३८ मध्ये. 'मानापमान' रंगभूमीवर आलं १९११ ला, म्हणजे १९१० बाद. केशवराव वारले ४ ऑक्टोबर १९२१ ला, म्हणजे पुढची सगळी बाद. उरलं काय? "अहो, टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त मानापमान! हे साल तर सगळ्यांना पाठ आहे," असं पाहुणा पुटपुटतो. भाऊंना ते ऐकू येत नाही. या प्रयोगाचं हँडबिल त्यांच्याकडे नाही, हेही ते सांगत नाहीत.

पण या नादाला कमी लेखू नये. मागे एकाने 'एकच प्याला'चं १९१८ सालचं म्हणून हँडबिल आणलं होतं. भाऊंनी भिंग लावलंच नाही. नाटककार गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ ला आणि गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात हे नाटक आणलं २० फेब्रुवारीला. १९१८ मध्ये त्याचा प्रयोगच नव्हता, तर हँडबिल कुठून येणार? विकणारा चहा न घेताच उठला. गाण्याच्या किती जाणकारांना हे जमलं असतं?

घरात मात्र या नादाचा जाच होतो. कसर लागू नये म्हणून 'सौभद्र' आणि 'शाकुंतल' हवेशीर कपाटात, आणि वहिनींची पैठणी पलंगाखालच्या ट्रंकेत! मुलीच्या लग्नाची पत्रिकाही भाऊंनी हँडबिलाच्या थाटात, गुलाबी कागदावर छापून घेतली. 'लहान मुलांस आणू नये' ही तळटीप तेवढी व्याह्यांना झोंबली. अलीकडे नाटकांच्या जाहिराती मोबाइलवर येतात. भाऊ त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात आणि मागे पेन्सिलीने साल लिहितात.

तुमच्या आजोबांच्या पेटीत, पोथीत किंवा फळीवरच्या कागदाखाली असं एखादं हँडबिल निघालं, तर रद्दीत घालू नका. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा निघत नाही. घडी हळूच उलगडा, दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, फोटो काढा आणि मगच भाऊंना कळवा.