पस्तीस कुठं गेलं?

"तीन, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, बेचाळीस."

वहिनींनी हे आकडे म्हणायला घेतले की चौथीतला पुतण्या दप्तरातून मान वर काढतो आणि ठणकावतो, "मम्मी, पस्तीस राहिलं!" त्याला तो साताचा पाढा वाटतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पाढाच आहे, सुरुवातीला एक तीन घुसलाय आणि पस्तीस गाळलंय, इतकंच. वहिनी आशा कार्यकर्त्या आहेत. दवाखान्यात बाळंत होऊन आलेल्या बाईच्या घरी कोणकोणत्या दिवशी बाळ बघायला जायचं, त्याचे हे आकडे. घरीच बाळंत झाली असेल तर पहिला दिवसही धरायचा. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यावर निबंध आला आणि पुढं देशभरच्या आशांच्या कामात ती पद्धत आली. म्हणजे हा पाढा गडचिरोलीहून लंडन, दिल्ली करत आमच्या पाटोदा तालुक्यातल्या वाडीत पोचला. एवढ्या प्रवासात एखादं पस्तीस गळणारच, असं मी पुतण्याला सांगितलं. त्याला ते पटलेलं नाही.

वहिनींची परीक्षा आहे. आता आशांना परीक्षा नवी नाही. प्रत्येक प्रशिक्षणात चहाच्या आधी पूर्वचाचणी आणि निघताना उत्तरचाचणी असतेच. पण ही प्रमाणपत्राची, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा हजार वस्तीमागं एक आशा असं ठरलं, आणि निवडताना शक्यतो गावची सून निवडा, असा सल्ला होता. लेक लग्न होऊन जाते, सून कुठं जाते? सरकारनं इतक्या नेमकेपणानं ओळखलेल्या गोष्टी थोड्या असतील. तर अशी ही कुठंही न गेलेली सून भाकरी टाकता टाकता अभ्यास करते, आणि प्रश्न विचारायचं काम माझ्याकडं आलेलं आहे. "भाऊजी, इचारा," असं फर्मान येतं. मी पुस्तक उघडतो.

आमची एक पुतणी अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. ती सुट्टीला आली आणि तिनं भिंतीवर तक्ता लावला. अंबाजोगाईच्या माणसाला हे शोभतंच. तिथल्या दासोपंतांनी सोळाव्या शतकात पंचीकरणासारखा अवघड विषय आकृत्या काढून लांबलचक पासोडीवर लिहून ठेवला. आमच्या पुतणीनं कॅलेंडरच्या पाठीवर भागवलं. तक्त्यावर नर्सिंगचे पाच 'योग्य': योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. ही पाच कलमं जगभर शिकवतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत तर वृद्धाश्रमांतून फक्त गोळ्या देण्यासाठी 'मेडिकेशन एड' नावाचा वेगळा माणूस असतो आणि त्याची वेगळी परीक्षा असते. तिथं म्हातारी ठरल्या खाटेवर सापडते, गोळी ठरल्या खणात सापडते.

आमच्याकडं पहिल्या कलमापासूनच सुरुवात होते. वाडीत एकच आडनाव. वरच्या आळीची सुनीता, खालच्या आळीची सुनीता, आणि लग्नात नाव बदलून सुनीता झालेली तिसरी. उपकेंद्रातल्या सिस्टरनं "सुनीताला लोहाच्या गोळ्या दिल्या का?" असं विचारलं की वहिनी आधी विचारतात, "मोटारीवरच्या सुनीताला की पिठाच्या गिरणीजवळच्या?" औषधाचं कलम त्यामानानं सोपं, कारण तिथं रंग मदतीला येतात. शाळेतल्या लहान पोरांना लोहाची गुलाबी गोळी, वयात येणाऱ्यांना निळी, दोन्ही आठवड्यातून एकदा; गरोदर बाईला लाल, रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. वहिनींना हे झोपेतही येतं. अडतं ते पुढं. लाल गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहामुळं लोह अंगी लागत नाही. आता बीड जिल्ह्यात चहा न घेता एखादी गोष्ट करून दाखवा! वहिनी गोळी द्यायला घरात शिरल्या की चूल पेटते, आणि "आशाताई आल्या, च्या टाक" हे सून गरोदर आहे म्हणून थांबत नाही. चहाला नाही म्हणावं तर रागावतात, हो म्हणावं तर कपासोबत गोळीही जाते. मग वहिनी आधी लिंबू मागतात, समोर गोळी गिळायला लावतात आणि चहा यायच्या आत लसीकरणापासून जंतनाशकापर्यंत सगळे विषय काढून वेळ काढतात. ही युक्ती कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून तिला गुणही नाहीत.

मार्गाच्या कलमावर सासवांचं मत ठाम आहे. तोंडानं घ्यायचं ते औषध कसलं? सुई टोचली पाहिजे, नाहीतर निदान एक सलाईन लावली पाहिजे. लोहाच्या गोळीनं संडास काळी होते, हे वहिनी आधीच सांगून ठेवतात. तरी चौथ्या दिवशी कुणीतरी दारात येतंच. "बाई, गोळी गरम पडायली." उरलेली पट्टी मग डाळीच्या डब्यात जाते. कुणाच्या घरी गोळ्या कुठं दडवतात, याची एक वेगळी परीक्षा घेतली तर वहिनी जिल्ह्यात पहिल्या येतील.

मात्रेचा धडा वाचताना मात्र मलाच हसू आवरेना. 'ओआरएसचं एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे, चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे.' लिटर मोजायला घरात तांब्या असतो, आणि प्रत्येक तांब्याचं मत वेगळं. वहिनींनी त्यावर लग्नात मिळालेली पाण्याची रिकामी बाटली शोधून काढली. एक लिटर छापलेलंच असतं. लग्नसराईचा असा उपयोग आरोग्य खात्यालाही सुचला नसता. पण उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं तेव्हा "उरलेलं फेकून द्या" हे वाक्य त्या जरा हळू आवाजात म्हणतात. आणि झिंक! सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात. थांबलेल्या जुलाबाला औषध का द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर वहिनी अकरा दिवस देत राहतात.

सगळ्यात अवघड पाचवं कलम, वेळेचं. पुस्तक म्हणतं, रोज ठरल्या वेळी, जेवणानंतर. पण दसरा-दिवाळी झाली की आमची निम्मी वाडी ट्रकात, ट्रॅक्टरच्या गाड्यांत बसते आणि ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळं पोटात बाळ आहे म्हणून कोयता अर्धा होत नाही. फडात पहाटे अंधारात जायचं, गाडी भरायला रात्री-अपरात्री उठायचं. जेवणानंतर म्हणजे कधी? वहिनी निघणाऱ्या बायकांना गोळ्यांच्या पट्ट्या आणि माता-बालकाचं कार्ड एकाच पिशवीत बांधून देतात आणि सांगतात, वेळ सोड, भाकरी खाल्ली की घे. टीबीच्या पेशंटांची काळजी त्याहून मोठी, ती गोळी मध्येच सुटून चालत नाही. गेलेल्या माणसांना त्या आपल्या मोबाइलवरून फोन लावतात. समोरून उसाच्या पाचटाचा आवाज येतो आणि "घेतली की ओ ताई" असं उत्तर येतं. वहिनी म्हणतात, घेतली असती तर एवढ्या लवकर हो म्हणाली नसती.

नमुना प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न होता: रुग्णाने औषध घेण्यास नकार दिल्यास आपण काय कराल? वहिनींनी भाकरी उलटली. "आधी पुस्तकातलं सांगू का खरं?" मी म्हटलं, दोन्ही. पुस्तकातलं होतं समजावणं, नोंद करणं, सिस्टरला कळवणं. खरं होतं ते असं: तिच्या नणंदेचं माहेरपण चालू असेल तर तिला हाताशी धरणं, सासूच्या गुडघेदुखीची चौकशी करून मगच सुनेच्या गोळीकडं वळणं, आणि नवरा घरी नसताना जाणं. मी विचारलं, पेपरात काय लिहिणार? "पुस्तकातलंच की. तपासणारीला कुठं सासू दाखवायची?"

जामखेड इथून फार लांब नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं १९७० साली तिथं काम सुरू केलं आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. वहिनी मला ते मुद्दाम ऐकवतात, विशेषतः शुद्धलेखनाच्या चुका मी काढल्या की. मी पुस्तक मिटतो, त्या उघडायला लावतात.

अभ्यास तसा झालाय. आता अडलंय अर्जापाशी. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं, आणि बँकेच्या पासबुकात दोन्हींचं मिळून तिसरंच काहीतरी. पुतणी तक्त्याकडं बोट दाखवून म्हणाली, काकू, पहिल्याच कलमात नापास. सोमवारी प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला जायचं ठरलंय. वहिनींनी मलाही यायला सांगितलंय, आणि जाता जाता मोटारीवरच्या सुनीताच्या गोळ्याही द्यायच्यात.