दीड तोळा दळण

शाळेत असताना दर रविवारी माझ्या हातात दळणाचा डबा यायचा. डब्यात गहू, झाकणावर खडूने लिहिलेलं आडनाव आणि पाठीमागून आईचा आवाज : "काकांना सांग, गव्हावर गहूच टाका. बाजरीवर नको." हे वाक्य मी गिरणीच्या खडखडाटात काकांच्या कानाशी ओरडून सांगायचो. काका मान हलवायचे. त्याचा अर्थ काय, हे मी कधी विचारलं नाही. तो कळायला वयाची अठ्ठेचाळीस वर्षं आणि एक कॉफी ग्राइंडर लागला.

आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळाची. साखर घातलेल्या दुधात पूड उकळायची आणि वर जायफळ किसायचं. कॉफीने झोप उडते आणि जायफळाने येते अशी सगळ्यांची श्रद्धा, त्यामुळे हे पेय पिऊन माणूस होता तिथेच राहायचा. पाहुणे रात्री उशिरापर्यंत बसले किंवा घरी गाण्याची बैठक असली की ही कॉफी व्हायची. थोडक्यात, कॉफीच्या निमित्ताने आमच्याकडे किसली जाणारी वस्तू एकच, जायफळ. कॉफी पुडीतून यायची. ती कधीकाळी बी असते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी एस्प्रेसोचं मशीन घेतलं. दुकानातून तयार पूड आणली, भरली, दाबली, बटण सुरू केलं. अकरा सेकंदांत कप भरला. रंग कोऱ्या चहाचा, चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. बायकोने एक घोट घेतला आणि कप अलगद खाली ठेवला. "छान गरम आहे," ती म्हणाली. एकवीस वर्षांच्या संसारात माणूस इतपत सभ्य होतो.

कॉफीतलं कळणाऱ्या एका मित्राला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ग्राइंडर कोणता?" मी उत्साहाने मशीनचं वर्णन सुरू केलं. "मशीनचं नाही विचारलं," तो म्हणाला. ग्राइंडर नाही, असं सांगितल्यावर पलीकडे जी शांतता पसरली, ती मी आजवर फक्त रक्ताचे रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांसमोर अनुभवली होती.

इटलीतले कॉफीवाले चार 'म' सांगतात. मिशेला म्हणजे बियांचं मिश्रण, माचिनातूरा म्हणजे दळण, माक्किना म्हणजे मशीन आणि मानो म्हणजे करणाऱ्याचा हात. या यादीत मशीन तिसरं आहे. मी पहिली-दुसरी न करता थेट तिसरीत नाव घातलं होतं.

दळणाला एवढा मान का, याचं उत्तर दाबात आहे. एस्प्रेसो करताना गरम पाणी साधारण ९ बार दाबाने कॉफीच्या चकतीतून ढकललं जातं. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा जेमतेम १ बार दाब जास्त असतो. म्हणजे एका कपासाठी नऊ कुकर कामाला लागले म्हणा. मिलानच्या लुईजी बेझ्झेरांनी १९०१ मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं, ते वाफेवर चालायचं आणि त्याचा दाब बेताचाच असायचा. १९४८ मध्ये आकिल्ले गाजांची दांड्याची मशिनं आली, दाब चढला, कपावर सोनेरी साय धरू लागली आणि सगळा भार दळणावर आला. कारण एवढ्या जोरात येणाऱ्या पाण्याला थोपवायला समोर पुडीशिवाय कुणीच नसतं. पूड जाड असली की पाणी सुसाट निघून जातं आणि कप आंबट, पाणचट होतो. ती फार बारीक असली की पाणी आतच अडकतं आणि कडूजहर थेंब ठिबकत राहतात. १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो उतरावा, हा सर्वसाधारण नेम. हा नेम साधायचं बटण मशीनवर शोधून मी दमलो. ते ग्राइंडरवर असतं.

"मग मिक्सर आहे की घरात," बायको म्हणाली. मराठी घरात या वाक्याला पर्याय नाही. चटणीच्या भांड्यात चिकमगळूरच्या भाजलेल्या बिया टाकल्या आणि मिक्सर फिरवला. पण मिक्सर दळत नाही, तो झोडपतो. पात्याखाली जी बी सापडली तिचं पीठ, जी निसटली तिच्या ठिकऱ्या. पिठातून कडूपणा आला, ठिकऱ्यांतून आंबटपणा, आणि भांड्याच्या झाकणातून कालच्या लसणीच्या चटणीने आपली हजेरी लावली. एका नाटकावर तीन समीक्षकांनी एकदम लिहावं, तशी ती कॉफी झाली होती.

चांगल्या ग्राइंडरमध्ये पातं नसतं. त्यात एकमेकांत बसणारी दोन दातेरी चाकं असतात. त्यांना बर म्हणतात. एक स्थिर, एक फिरतं, आणि मधल्या फटीतून बी हळूहळू बारीक होत खाली उतरते. फट जेवढी, दाणा तेवढा. जात्याची वरची तळी आणि खालची तळी यापेक्षा निराळं काय करतात? जात्यात दगड होता, इथे पोलाद आहे. खुंटा तर हातग्राइंडरला अजूनही आहे, फक्त त्याच्या टोकाला लाकडी बोंड बसवलेलं असतं. बर असलेला तो बरा, एवढं सूत्र पाठ करून मी बाजारात उतरलो.

उतरलो आणि बुडालो. शंकूच्या आकाराचे बर घ्यावेत की सपाट? पहिल्याने कॉफी दाट लागते, दुसऱ्याने चवी सुट्या सुट्या कळतात, असं जाणकार सांगतात. टिचकी वाजवत एकेक घर सरकणारा घ्यावा की कुठेही थांबणारा? विजेचा की हाताचा? घर घेताना मी एवढा अभ्यास केला नव्हता. घर तर बायकोने एका संध्याकाळी गच्चीतला वारा बघून पसंत केलं होतं. प्युजो घराणं मोटारी काढायच्या कितीतरी आधी, १८४० पासून, कॉफीच्या हातचक्क्या बनवत होतं हे वाचलं, आणि परंपरेचा मान राखून मी हाताचा ग्राइंडर घेतला. खरी कारणं दोन. एक, चांगला विजेचा ग्राइंडर मशीनइतकाच महाग पडत होता. दोन, सकाळी सहाला घरात गिरणी सुरू झाली तर काय होईल, याची मला स्पष्ट कल्पना होती.

एक गोष्ट मात्र मला आयती मिळाली, ती म्हणजे भाषा. कॉफीची पुस्तकं 'मध्यम-बारीक' आणि 'बारीक-मध्यम' यांतला फरक समजावताना घामाघूम होतात. आपल्याकडे भरड आहे, कणी आहे, लापशीचा रवा आहे, उपम्याचा रवा आहे, बारीक रवा आहे, सपीट आहे आणि सगळ्यात शेवटी वस्त्रगाळ आहे. फ्रेंच प्रेसला लापशीचा रवा. दक्षिणी फिल्टरला बारीक रवा. तुर्की कॉफीला वस्त्रगाळ. आणि एस्प्रेसोला बारीक रवा संपून सपीट सुरू व्हायच्या जरा अलीकडचं, चिमटीत धरलं तर चिकटेल पण चोळलं तर कण जाणवेल असं. लाडू करणाऱ्या कुठल्याही बाईला हे एका वाक्यात कळतं. मला महिना लागला.

आता माझी सकाळ अशी असते. आधी वजनकाटा. १८ ग्रॅम बिया मोजायच्या, एक बी जास्त झाली तर काढायची. "सोनं मोजतोयस का?" असं बायकोने विचारलं तेव्हा मी हिशोब केला. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे रोज दीड तोळा. मोजल्यावर बियांवर पाण्याचा एक थेंब शिंपडायचा, कारण कोरड्या हवेत दळताना स्थिर वीज तयार होते आणि पूड भांड्याच्या कडेला, बोटांना, सदऱ्याला चिकटते. मग ग्राइंडर पोटाशी धरून दांडा फिरवायचा. गडद भाजलेली बी कुरकुरीत, ती झटकन मोडते. फिकी भाजलेली टणक असते, तिच्याशी कुस्ती होते. दळून झाल्याचं कळतं ते दांडा एकदम हलका होतो तेव्हा. हातातला तो अचानक आलेला मोकळेपणा मला कॉफीइतकाच आवडतो.

एका कपाला सव्वाशेच्या आसपास बिया लागतात. बाबा बुदन यांनी येमेनच्या मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा आहे. सात बियांवर त्यांनी डोंगर हिरवे केले. मी रोज सव्वाशे मोडतो आणि माझा कप कधी २२ सेकंदांत भरतो, कधी ४१.

हे होतं कारण दळणाचा आकडा कायमचा नसतो. एका टिचकीने बरांमधली फट केसाच्या जाडीहूनही कमी सरकते, पण तेवढ्याने चार-पाच सेकंद इकडचे तिकडे होतात. भाजून आठवडा झालेल्या बियांना जे घर चालतं, ते तिसऱ्या आठवड्यात चालत नाही. बी शिळी होत जाते तसा तिच्यातला वायू निघून जातो, पाणी लवकर वाट काढतं आणि दळण आणखी बारीक करावं लागतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पुन्हा वेगळं. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळण बदललंत तर वजन बदलायचं नाही. मी पहिले पंधरा दिवस रोज सगळंच बदलत होतो आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही म्हणून चिडत होतो. माझ्या ऑफिसातही साधारण हीच पद्धत आहे.

मग गणपती आले आणि आई राहायला आली. मोदकाच्या सारणाला वेलदोड्याची पूड हवी होती. खलबत्ता माळ्यावर. ओट्यावर तिला एक जड, चकचकीत, दांड्याचं यंत्र दिसलं. तिने वेलदोडे सालासकट त्यात घातले आणि दोन मिनिटांत अशी पूड काढली की, तिच्याच शब्दांत, "मिक्सरच्या बापाला जमायची नाही." मोदक उत्तम झाले. दुसऱ्या दिवशीची कॉफी मात्र पेढ्यासारखी लागली. तिसऱ्या दिवशीचीही.

मी आईला समोर बसवून समजावलं. म्हटलं, "अगं, याला रिटेन्शन म्हणतात. दळून झालं तरी थोडी पूड बरांच्या खाचांत अडकून राहते. ती पुढच्या दळणात उतरते. म्हणून यात दुसरं काही दळायचं नसतं. कॉफीसुद्धा बदलली तर आधी नव्या कॉफीच्या थोड्या बिया फिरवून टाकून द्यायच्या."

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे बाजरीवर गहू नको," ती म्हणाली. "हे एवढं तुला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. डबा घेऊन कोण जायचं?"

मी गप्प बसलो. गिरणीतल्या काकांची आठवण झाली. पन्हाळीतून पडणाऱ्या पिठाखाली ते न बघता हात धरायचे, अंगठ्याने चिमूट चोळायचे आणि दुसऱ्या हाताने चाक एवढंसं फिरवायचे. त्या एवढ्याशा फिरवण्याला आज मी पैसे मोजून टिचक्या घेतो. गिरणीच्या दगडांना टाकी लावायची असली की गिरणी बंद असायची आणि आम्ही दोन दिवस भात खायचो. पोलादी बर घरच्या वापरात वर्षानुवर्षं झिजत नाहीत, एवढी प्रगती मात्र कबूल केली पाहिजे.

तेव्हापासून आई रोज सकाळी माझी पूड चिमटीत घेऊन बघायला लागली. पहिल्या दिवशी म्हणाली, "जाड आहे." कप १९ सेकंदांत भरला. मला भरून आलं. परंपरा, अनुभव, बोटांतली विद्या वगैरे मनात येऊ लागलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता छान." मशीन गुरगुरलं, थरथरलं आणि मिनिटभरात चार काळे थेंब टाकून थांबलं. आईचं बोट भाकरीच्या पिठावर तयार झालेलं आहे. एस्प्रेसोपुरतं तेही शिकाऊच. मी एक टिचकी मागे घेतली. तिने पुन्हा चिमूट घेतली. आठवड्याभरात दोघंही २७ सेकंदांपर्यंत पोचलो.

कॉफी ती पीत नाही. दळून देते आणि स्वतःसाठी चहा ठेवते.

विसर्जनानंतर मी ग्राइंडर उघडून बर ब्रशने साफ केले. पाणी लावायचं नसतं, गंज धरतो. दोनदा कॉफी दळून फेकून दिली, तेव्हा कुठे वेलदोडा गेला. कुणी नव्याने या फंदात पडणार असेल तर माझा सल्ला एवढाच की आधी ग्राइंडर घ्या, उरलेल्या पैशांत मशीन. आणि ग्राइंडर आणल्या दिवशीच घरच्यांना काय सांगायचं ते सांगून ठेवा. आमच्या ग्राइंडरवर आई गावी परतताना एक चिठ्ठी चिकटवून गेली आहे. अक्षर तेच, दळणाच्या डब्याच्या झाकणावरचं : "कॉफीवर कॉफीच."