भाडेनियंत्रणावर शोधनिबंध कसा पाडावा

सरकारी नियमन आणि धोरणसुधारणा यांवर शोधनिबंध पाडायचा असेल, तर मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्याइतकं हिरवं कुरण दुसरं नाही. सुरुवात १ सप्टेंबर १९४० या तारखेने करा. १९४७च्या कायद्याने त्या दिवशीचं भाडं 'प्रमाण भाडं' म्हणून गोठवलं. कायदा तात्पुरता होता. त्यामुळे मुदत संपत आली की वाढवायची, असं पन्नास वर्षं चाललं. वाचक इथे हळहळला पाहिजे. मालकासाठी की भाडेकरूसाठी, हे त्याला इतक्यात कळू देऊ नका.

पुढे निवाडे. १९९७मध्ये 'मालपे विश्वनाथ आचार्य' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. नवखे इथेच हरखून निष्कर्ष लिहायला घेतात. जरा पुढचं पान उलटा. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ला संपतेच आहे, म्हणून न्यायालयाने तरतूद रद्द केली नाही. मुदत मग पुन्हा वाढलीच.

१९९९चा कायदा दोन ओळींत उरका: वर्षाला ४ टक्के वाढ, बँका आणि मोठ्या कंपन्या संरक्षणाबाहेर. रेंगाळायचं ते कलम ५६पाशी. जुन्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी खोल्या बिनबोभाट हात बदलत. जाणारा भाडेकरू रक्कम घेई, मालक त्यातला वाटा घेई आणि भाडेपावती नव्या नावावर फाडे. नव्या कायद्याने या पैशाला मान्यता दिली. सुधारणा आधी चाळीच्या जिन्यात झाली, विधिमंडळात मागाहून. हे वाक्य निबंधात मात्र घालू नका. तळटीप कुणाची देणार?

महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात जुन्या इमारती रहिवाशांच्या संस्थांकडे सोपवायची १९८६ची तरतूदही घ्या. मालकांचा दावा १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातल्या घटनात्मक प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींचं उत्तर आलं नोव्हेंबर २०२४मध्ये. पीएचडीला मुदतवाढ मागताना हा दाखला जोडावा.

शिफारशींत केंद्राचा २०२१चा आदर्श भाडेकरू कायदा सुचवा. तो जुन्या भाडेकरूंना हात लावत नाही, त्यामुळे परीक्षकांपैकी कुणी दुखावत नाही. तरीही प्रबंध सादर करण्याआधी मार्गदर्शक कुठे राहतात आणि भाडं किती भरतात, याची आडून चौकशी करून ठेवा.